जुन्या मोटारसायकलींची स्मरण-राइड: एंट्री फी भरावी, फुकटच्या राइडला जावं, की तेच पैसे गाडीवर लावावे?

दिवाळी उरकली आणि पहाटे गारवा जाणवू लागला की नागपुरात जुन्या गाड्यांवरची कव्हरं निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम. मे महिन्याच्या ४५ अंशांत साठच्या दशकातली जावा रस्त्यावर काढणं म्हणजे तिचे हाल करणं. १६ डिसेंबरचा विजय दिवस आणि २६ जानेवारी याच दिवसांत येतात. मग कशाच्या ना कशाच्या स्मरणार्थ राइडचं निमंत्रण येतं आणि त्याखाली एंट्री फीचा आकडा असतो. घरी वडिलांची येझदी किंवा काकांची बुलेट असलेला माणूस तिथेच अडतो. हिशेबासाठी फी दीड हजार धरू. तेवढे पैसे भरावे, रविवारच्या फुकटच्या राइडला जावं, की तेच पैसे मेकॅनिकच्या हातात ठेवावे?

माझं मत आधीच सांगतो. शहराबाहेर जाणारी, मागे पिकअप गाडी ठेवणारी आणि पोलिसांची परवानगी काढलेली राइड असेल तर फी भरावी. शहरातल्या शहरात टी-शर्ट घालून फिरवणारी असेल तर बहुतेकांनी भरू नये. याला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या गाडीच्या कागदांत आहे.

गाडीचे कागद काय सांगतात

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने, म्हणजे आपल्या नागपूरच्या खासदारांच्याच खात्याने, व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. दुचाकीही त्यात धरल्या आहेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, नोंदणी १० वर्षं चालते आणि पुढच्या वेळी ५,००० रुपये. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्याच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते.

त्यामुळे दोन मालकांचा हिशेब सारखा होत नाही. तुमच्या गाडीची आरसी साधीच असेल, तिचं नूतनीकरण वेळेवर झालं असेल, विमा आणि पीयूसी असेल, तर तुम्ही मंगळवारी सकाळीही फुटाळा तलावाला चक्कर मारू शकता. तुम्हाला रस्ता मोकळाच आहे, फी दिली तर ती बाकीच्या सोयींसाठी. व्हिंटेज नोंदणीवाल्याला मात्र रीतसर रॅली हीच गाडी मनसोक्त चालवायची मुख्य संधी आहे. २०,००० रुपये भरून नोंदवलेली गाडी वर्षभर शेडमध्ये ठेवण्यापेक्षा वर्षातून दोनदा फी भरणं केव्हाही बरं. अपवाद म्हटलं तो हा. अशा मालकाने आयोजकांकडून सहभागाचं पत्र आधी घ्यावं आणि त्या दिवशी ते खिशात ठेवावं.

निमंत्रणात ‘व्हिंटेज’ हा शब्द फार सैल वापरला जातो, तेही तपासा. साठच्या दशकातल्या म्हैसूरच्या जावा आणि १९७३ नंतरच्या पहिल्या येझदी ५० वर्षांच्या अटीत बसतात. येझदी रोडकिंग १९७८ ची, तिला २०२८ पर्यंत थांबावं लागेल. राजदूत ३५० आली १९८३ मध्ये, यामाहाची आरएक्स १०० आली १९८५ मध्ये. या गाड्या देखण्या आहेत, त्यांच्यावर माझाही जीव आहे, पण नियमाने त्या अजून व्हिंटेज नाहीत. ‘व्हिंटेज’ म्हणून फी घेणाऱ्या राइडमध्ये निम्म्या गाड्या आरएक्स असणार असतील तर ते आधी कळलेलं बरं.

दीड हजारांत काय येतं

नाश्ता, जेवण, टी-शर्ट, मेडल, प्रमाणपत्र या गोष्टी निमंत्रणावर ठळक छापलेल्या असतात. मी त्यांचा विचारच करत नाही. तर्री-पोहे आपण आपल्या पैशानेही खातो.

खरी किंमत पिकअप गाडीची आहे. झिरो माइलहून कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला येझदीला तीन-चार लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे चारशेच्या आसपास. इथवर एकट्याने जाणंच स्वस्त. पण मनसरच्या पुढे कंडेन्सर (ठिणगीच्या जोडणीतला छोटा भाग) गेला किंवा पिस्टन जाम झाला तर? नवी गाडी असती तर कुठल्याही चौकात दुरुस्त झाली असती. जावाच्या पॉइंटला, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघड-मिट भागाला, हात लावणारा मेकॅनिक हायवेवर सापडत नाही. मग कुणाच्या तरी गाडीला दोर बांधून टोचन करत यायचं, नाहीतर छोटा हत्ती भाड्याने करायचा, आणि त्याचं जाण्या-येण्याचं भाडं बहुतेक वेळा दीड हजारात भागत नाही. ट्रक धावणाऱ्या नॅशनल हायवेवर टोचन करून आणणं तर जिवावरचं काम आहे. पन्नास वर्षांची गाडी बंद पडणार हे धरूनच निघायचं असतं. म्हणून मागून येणारी पिकअप, तिच्यात गाडी चढवायची फळी आणि बांधायचे पट्टे, सोबत जुन्या गाड्यांची माहिती असलेला मेकॅनिक, एवढं खरोखर असेल तर दीड हजार रुपये रास्त आहेत. किती गाड्यांमागे किती पिकअप, हे विचारा. साठ गाड्यांमागे एकच असेल तर ती फक्त पहिल्या बंद पडणाऱ्याच्या कामाची.

शहरातल्या मिरवणुकीत हा सगळा खर्च आयोजकाचा वाचतो, आणि गाडीचे हाल मात्र जास्त होतात. हे पुष्कळांना उलटं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुनी इंजिनं वाऱ्याने थंड होतात. गाडी पन्नासच्या वेगाने चालत असली की सिलिंडरच्या पंखांवरून वारा वाहतो आणि इंजिन सुखात असतं. सीताबर्डी ते दीक्षाभूमी असं जीपच्या मागे पंधराच्या वेगाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दर शंभर मीटरवर थांबत चाललं की वारा मिळतच नाही. क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो, प्लेटा तापतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर आलेलं ऑइल मंद चालीत नीट जळत नाही, प्लग काळा पडून शॉर्ट होतो. जावा-येझदीला आणखी एक अडचण आहे. तिचं इग्निशन सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि मंद चालीत डायनॅमो चार्जिंग देत नाही. हेडलाइट लावून तासभर रांगत गेलात तर बॅटरी उतरते आणि ठिणगीच कमजोर होते. बुलेटवाल्याला हे अँपिअर मीटरच्या काट्यावर दिसतं तरी, काटा मायनसकडे झुकलेलाच राहतो. थोडक्यात, वीस किलोमीटरच्या मिरवणुकीपेक्षा शंभर किलोमीटरची रामटेक राइड गाडीला सोपी जाते. फोटो मिरवणुकीत जास्त मिळतात हे खरं, पण फोटोसाठी क्लच प्लेटा जाळायच्या का, हे ज्याने त्याने ठरवावं.

विम्याची ओळ

फीमध्ये ‘इन्शुरन्ससह’ असं लिहिलेलं असेल तर कुणाचा, कशाचा, कुठल्या कंपनीचा, हे विचारा आणि पॉलिसीची प्रत मागा. तुमच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण बहुधा आहेच. त्यामुळे आयोजकाचं छोटंसं कव्हर हा मोठा लाभ नाही. मागे बसणाऱ्याला मात्र त्या १५ लाखांतलं काही मिळत नाही. मुलाला किंवा बायकोला मागे बसवून जाणार असाल तर त्यांचं नाव कव्हरमध्ये हवं.

दुसरी गोष्ट फारच कमी जण वाचतात. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडी न अडता वेळेत अंतर कापते का, ही परीक्षा) या वापरांना संरक्षण नसतं. सगळ्यांनी मिळून सावकाश जाणं आणि टाइम-कार्ड देऊन, ठरावीक वेळेत चौकी गाठायला लावून गुण देणं, यात इथे मोठा फरक पडतो. टाइम-कार्ड असेल तर ती स्पर्धा झाली. मग देशातल्या मोटार-क्रीडा महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची परवानगी दाखवायला सांगा आणि आपल्या विमा कंपनीकडून जादा कव्हरची नोंद करून घ्या. आयोजक यावर गोलमोल बोलत असेल तर फी शंभर रुपये असली तरी जाऊ नका.

बाहेर फीच्या बदल्यात काय मिळतं

इंग्लंडमध्ये ‘पायोनियर रन’ १९३० पासून चालते. १९१५ च्या आधी बनलेल्या मोटारसायकली एप्सम डाउन्सहून ब्रायटनला जातात. ती भरवणारा सनबीम मोटर सायकल क्लब गाडीचं वय तपासून तसं प्रमाणपत्रही देतो, आणि त्या कागदाला जाणकारांत वजन आहे. १९३१ च्या आधीच्या गाड्यांची ‘बॅनबरी रन’ १९४९ पासून आहे. अशा ठिकाणी पैसे देणाऱ्याला राइडबरोबर एका जाणत्या संस्थेचा आधार मिळतो. आपल्याकडे सहभागाचं प्रमाणपत्र गाडी विकताना किंवा आरटीओत काही कामाचं नसतं. आयोजकांनी जुने जाणकार बसवून इंजिन नंबर आणि चेसिस नंबरवरून गाडीचं साल ठरवून द्यायला सुरुवात केली, तर मी आनंदाने जास्त फी देईन.

फुकटच्या राइडी

जुलैचा दुसरा रविवार जावा-येझदीवाल्यांचा, त्या दिवशी ते जावा दिन साजरा करतात. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो आणि जुने ड्रम ब्रेक ओले झाले की पकडत नाहीत. तरी गावातल्या गावात जमायला, सुट्या भागांची देवाणघेवाण करायला यापेक्षा चांगला दिवस नाही. सिडनीत २०१२ मध्ये सुरू झालेली ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ भारतातल्या शहरांतही होते. तिची नोंदणी फुकट असते आणि पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी जमवला जातो, तो स्वखुशीने द्यायचा. ती मे महिन्यात येते, म्हणून नागपूरकराने जुनी गाडी काढायची तर पहाटेच काढावी.

रविवारच्या साध्या राइडमध्ये पिकअप नसते, पण चार अनुभवी माणसं असतात आणि कुणाच्या तरी डिकीत जादा प्लग, क्लच केबल, पॉइंट सेट असतो. गाडी नवीनच हातात आली असेल, किकचाच दांडा गिअरला वापरायची जावाची सवय अजून पायात बसली नसेल, किंवा जुन्या बुलेटचा उजवा गिअर आणि डावा ब्रेक गोंधळात टाकत असेल, तर पहिलं वर्ष इथेच घालवावं. कळमेश्वरपर्यंत जाऊन या. तेवढ्यात गाडीचं दुखणंही कळेल आणि तुमचंही.

तेच पैसे गाडीवर

हा पर्याय कुणी मोजत नाही, पण पुष्कळांसाठी हाच खरा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कार्बोरेटरमधली सीलं आणि गॅस्केट त्यासाठी बनलेली नव्हती. रबर फुगतं, तडकतं, आणि महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल पाणी धरतं. पाइप गरम इंजिनावर गळू लागला तर पुढचं सांगायला नको. पाइप आणि गॅस्केट बदलणं, पॉइंट-कंडेन्सर, नवा प्लग, ब्रेक शू, एवढं दीड हजारात किंवा थोडं वर होऊन जातं. टायरच्या बाजूला भेगा असतील, ब्रेक शू घासलेले असतील, तर या वर्षीची फी तिकडेच जावी. निमंत्रण कितीही मोठ्या माणसाच्या नावाने असलं तरी.

आयोजकाला आणखी एक विचारायचं असतं आणि त्याचा संकोच करू नये. राइड ज्याच्या स्मरणार्थ आहे, त्या कामाला फीमधलं काय जातं? सैनिकांच्या नावाने काढली असेल तर सैनिक कल्याणासाठी किती दिले, त्याची पावती दाखवतील का? खर्च वजा जाता काही उरलं नसेल तर तसं स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. हिशेब छापणाऱ्या आयोजकावर माझा विश्वास बसतो.

आणि मेकॅनिक. या गाड्या आज चालतात त्या चाळीस-चाळीस वर्षं मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) उघडणाऱ्या, रिबोर करणाऱ्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर पुन्हा कोरून देणाऱ्या, मिळेनासे झालेले भाग लेथवर बनवून देणाऱ्या माणसांमुळे. महाल, इतवारी, सदरमधली असली दुकानं एकेक करून बंद होत आहेत, मुलं त्या कामात येत नाहीत. मंचावर पाहुण्यांना शाली मिळतात आणि हा माणूस रस्त्याच्या कडेला कुणाचा तरी प्लग साफ करत असतो. ज्या राइडच्या फीमधून अशा दोन-तीन म्हाताऱ्या मेकॅनिकना दिवसाचा मोबदला आणि मानाने जागा मिळते, तिची फी मी शहरातल्या शहरात फिरवणारी असली तरी भरेन.