पासपोर्टची फी पंधराशे, आमचे गेले आठ हजार आठशे पन्नास

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण लाज त्याचीच वाटते: ८,८५० रुपये. भाच्याच्या पहिल्या पासपोर्टसाठी. छत्तीस पानी, दहा वर्षांच्या साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे. तत्काळमध्ये हवा असेल तर वर २,०००, म्हणजे एकूण ३,५००. त्याच्या वर कुणी एक रुपया जरी मागितला तरी तो त्याच्या खिशात जातो, सरकारच्या नाही.

आम्ही अडाणी नाही. हेस्कॉमचं म्हणजे विजेचं बिल, आरटीसी म्हणजे इकडचा जमिनीचा उतारा, गॅसचं बुकिंग, सगळं घरबसल्या मोबाइलवर होतं. पण पोराला आखातातल्या नोकरीचा निरोप आला, पंधरा दिवसांत पासपोर्टची प्रत पाठवा म्हणाले, आणि बेळगावच्या हेड पोस्टातल्या केंद्राची जवळची तारीख मिळेना. अशा घाईतच माणूस "ऑनलाइन सर्व कामे" असा बोर्ड लावलेल्या गाळ्यात शिरतो. आम्हीही शिरलो.

त्यानं लावलेला हिशेब असा: तत्काळ फी ३,५००. "बेळगांव-बेळगावी" अ‍ॅफिडेव्हिट १,२००. लवकरच्या तारखेचे १,५००. "पोलिसांचं" २,०००. पासपोर्ट घरपोच पाठवायचे ६५०.

यातलं अ‍ॅफिडेव्हिट तर खास आपल्या भागासाठी शिजवलेलं. पोराच्या जुन्या दाखल्यावर जन्मस्थळ "बेळगांव", आधारवर "बेळगावी". गाळेवाला म्हणाला, दोन नावं आहेत, फाइल लटकणार. अहो, शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनंच बदललं, त्याची शपथ पोरानं का घ्यायची? शिवाय पासपोर्टला लागणारी जोडपत्रं डिसेंबर २०१६ पासून साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं चालतात. नोटरी नको, स्टँप नको, मॅजिस्ट्रेट नको. चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन इकडे आलेल्या बायकांना हेच लोक "मॅरेज सर्टिफिकेट लागतं" सांगून वेगळे पैसे काढतात. तीही सक्ती त्याच वेळी गेली.

खरी अडचण दुसरीच असते, ती मात्र यांच्यापैकी कुणी सांगत नाही. कर्नाटकातल्या दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव बऱ्याचदा आद्याक्षरांत असतं, आधारवर पूर्ण असतं आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये आद्याक्षरं चालत नाहीत. स्वतःचं आणि वडिलांचं नाव पूर्ण लिहायचं एका रकान्यात, आडनाव वेगळ्या रकान्यात. कागदांत फरक असेल तर फॉर्म भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र तर हवंच. आखातात कामाला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीचा (ईसीआर) शेरा पडायला नको असेल तर तेच उपयोगी पडतं.

"लवकरची तारीख" हे निव्वळ थोतांड. तारखा सगळ्यांना एकाच संकेतस्थळावर दिसतात. बेळगावात नाही मिळाली तर हुबळीला बघा, कोल्हापूरला बघा. जून २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, पोलीस चौकशी मात्र फॉर्मवर लिहिलेल्या पत्त्यावरच होते. "कर्नाटकचा पत्ता असला की कोल्हापूरला घेत नाहीत" हे वाक्य गाळेवाल्यानं आमच्या तोंडावर फेकलं आणि आम्ही मान डोलावली. निपाणीहून कोल्हापूर किती लांब आहे, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं?

आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.

काचेच्या काउंटरवर प्लास्टिकचा क्यूआर होता, चहाच्या टपरीवर असतो तसा. स्कॅन केला, मोबाइलवर एका बाईचं नाव आलं. पासपोर्टची फी, आणि बाईचं नाव! विचारलं तर म्हणाला, "घरच्यांचं खातं आहे, सरकारी लिंक मागनं आमच्याकडनं भरतोय की." खरी फी संकेतस्थळावरूनच ऑनलाइन भरायची असते: कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय. भरली की लगेच अर्जाचा क्रमांक असलेली पावती येते. कुणाच्या घरच्यांच्या खात्याचा तिथं काही संबंधच येत नाही. हे माहीत असूनही पिन दाबला. ३,५०० आणि १,२००, असे ४,७०० यूपीआयनं गेले, उरलेले ४,१५० रोख. रोख रकमेची पावती मागायला संकोच वाटला. कसला संकोच, देव जाणे.

दुसरी खूण तर त्याहून ठळक. खात्याची नोंदणी झाली की मेल येतो, तारीख ठरली की मोबाइलवर मेसेज येतो. पोराच्या फोनवर एक अक्षर आलं नाही. विचारलं, तर उत्तर: "काका, काय काळजी करू नका की. बेंगळूरचा सर्व्हर डाऊन आहे." कारण उघड होतं: फॉर्मवर मोबाइल नंबर त्याचा, मेल त्याचा, पासवर्ड त्याचा. लॉगिन दुसऱ्याचं असलं की अर्ज भरलाय का, फी गेलीय का, तारीख खरी आहे का, यातलं काहीच तुम्हाला दिसत नाही. खातं स्वतःच्या मेलवर उघडा. टायपिंगला कुणाला दिवसाची मजुरी द्या, पासवर्ड देऊ नका.

संकेतस्थळाचा पत्ता अक्षर अक्षर लावून वाचा: पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. गुगलवर वर येणारी, "जीओव्ही" नसलेली सगळी दुकानं समजा. खोट्या साइट्सबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं स्वतः इशारा दिलेला आहे. मोबाइलवर एम-पासपोर्ट सेवा हे अ‍ॅप खरं.

अकराव्या दिवशी तारखेची चिठ्ठी घेऊन केंद्रावर गेलो. फाटकावरच्या माणसानं यादी पाहिली, नाव नाही. आत विचारलं, तर उत्तर मिळालं, "हा नंबर तुमचा नाही." चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची तरी, नाव आणि तारीख बदलून छापलेली. तिथं उभ्याउभ्या नीट बघितलं तेव्हा दिसलं: पोराच्या नावाची अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होती. अकरा दिवस ती चिठ्ठी देवाऱ्यात ठेवली होती.

यापुढे सुरू झाली दुसरी फसवणूक, तिला मात्र पावती आहे.

ठाण्यात मराठीत लिहिलेला अर्ज दिला. तिथले म्हणाले, "कन्नडदल्लि बरेदु कोडि." म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. बाहेर टायपिंगवाल्याला २०० रुपये देऊन तो कन्नडमध्ये करून घेतला (म्हणजे खरा आकडा ९,०५०). मग सांगितलं, यूपीआय आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ४,७०० आमचे, रोखीचे ४,१५० ठाण्याचे. ठाणं म्हणालं, प्रकरण एकच, तुकडे कशाला करता, तिकडेच जा. पुन्हा सायबर: खातं सीमेपलीकडच्या शाखेतलं, महाराष्ट्रातलं, हद्द आमची नाही. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला. सीमाप्रश्नावर एवढी वर्षं मोर्चे निघाले, पण ही हद्द चोराच्या कशी उपयोगी पडते, ते या आठवड्यात कळलं. दर फेरीला एकच वाक्य ऐकलं, "नाळे बन्नी", उद्या या. त्या उद्याच्या फेऱ्यांत सहा दिवस गेले, बसभाडं हिशेबात धरलेलंच नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदवून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. आम्ही कलमाची प्रिंट टेबलावर ठेवली. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

१९३० या नंबरवर फोन केला, तिथं निदान नोंद झाली. पण तो नंबर पैसे गेल्याबरोबर, पहिल्या काही तासांत फिरवायचा असतो. तेवढ्यात पैसे वाटेत कुठं अडले असतील तरच ते गोठवता येतात. आम्ही फिरवला बाराव्या दिवशी. खात्यात काय उरणार?

पोलीस चौकशीचे २,००० कुणाला म्हणून घेतले, ते अजून कळलेलं नाही. त्या चौकशीची अर्जदाराकडून कसलीही फी नसते. आणि पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. "डिलिव्हरीसाठी पाच रुपये भरा" अशी लिंक आली तर उघडू नका, तिच्यात पाच रुपयांसाठी कुणी बसलेलं नसतं. पुण्या-गोव्याला राहून गावचा पत्ता देणाऱ्यांनो, चौकशीला आलेल्याला तुम्ही घरी सापडला नाहीत तर "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा पडतो, आणि मग "तो शेरा काढून देतो" म्हणणारा वेगळा गाळेवाला भेटतो.

शेवटी पोरानं स्वतःच्या मोबाइलवर खातं उघडलं, १,५०० भरले, पावती त्याच मिनिटाला आली. फोटो केंद्रावरच काढला. गाळेवाल्यानं काढून घेतलेले आठ फोटो घरात पडून आहेत. नोकरीचा निरोप मात्र थांबला नाही, ती जागा दुसऱ्याला गेली.

तो गाळा अजून उघडा आहे. बोर्ड बदललाय, आता पॅन कार्ड आणि आधारचं काम लिहिलंय. परवा बसमधून दिसला. काउंटरवर क्यूआर तोच होता.