डार्क कंपाऊंड स्लॅब : टेम्परिंगची कटकट नाही, पण कोकोबटरशी वाकडे

दिवाळीच्या आधी घरगुती चॉकलेटचे खोके करून विकणाऱ्यांच्या ओट्यावर हमखास दिसणारा अर्ध्या किलोचा डार्क कंपाऊंड स्लॅब हा या परीक्षणाचा विषय आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक स्लॅबची घटकयादी थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि माझी तक्रार एका कारखान्याविषयी नसून हा माल ज्या रीतीने विकला जातो त्याविषयी आहे. पुण्यात बोहरी आळीतल्या बेकरी-सामानाच्या दुकानात मी शेजारच्या कूव्हर्चरची, म्हणजे कोकोबटर असलेल्या खऱ्या चॉकलेटची, चौकशी केली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ते कशाला घेता ताई? महाग पडतं, वर टेम्परिंगची कटकट. हा वितळवा, साच्यात ओता, झालं." त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांपर्यंत तापवून-थंडावून घेणे, इथे का लागत नाही, एवढे मात्र त्याने सांगितले नाही आणि वेष्टनाच्या दर्शनी बाजूवरही त्याचा पत्ता नाही.

उत्तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे : साखर, हायड्रोजनेटेड (हायड्रोजन जोडून घट्ट केलेले) पाम कर्नल तेल (पामच्या बीमधल्या गराचे तेल), कोको पावडर, आणि इमल्सिफायर (मिश्रण एकजीव ठेवणारे पदार्थ) ३२२, ४७६ व ४९२. या यादीत कोकोबटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश, नाही आणि कोको मास, म्हणजे त्या बिया वाटून केलेला लगदा, तोही नाही. म्हणजे चॉकलेटचा जो सांगाडा, तोच इथे बदललेला आहे.

कोकोबटर हे स्निग्ध पदार्थांमधले जरा निराळेच प्रकरण आहे. त्याचा सुमारे ८० टक्के भाग अवघ्या तीन प्रकारच्या ट्रायग्लिसराइडांचा (तीन स्निग्धाम्ले जोडलेल्या रेणूंचा) असतो आणि या तिन्हींची ठेवण एकसारखी असते : मधल्या जागी ओलिक आम्ल आणि दोन्ही टोकांना पामिटिक किंवा स्टिअरिक आम्ल. या सारखेपणामुळे ते लोण्यासारखे हळूहळू मऊ होत न जाता खोलीच्या तापमानाला टणक राहते आणि ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे जिभेवर ठेवताच, जवळजवळ एकदम वितळते. त्याची अडचण अशी की ते सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकते आणि त्यांपैकी पाचवेच आपल्याला हवे असते. चकाकी, तुटताना येणारा 'कट्' आवाज आणि साच्यातून सहज सुटणे या सगळ्या गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. डार्क चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत वितळवायचे, २७-२८ अंशांवर आणायचे आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत चढवायचे, हा टेम्परिंगचा सारा खटाटोप त्या पाचव्या रूपासाठी असतो. तो फसला की काही दिवसांत पृष्ठभागावर बुरशीसारखा दिसणारा पांढुरका थर चढतो, ज्याला ब्लूम म्हणतात.

पाम कर्नल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा टणक अंश वेगळा काढून किंवा त्याचे हायड्रोजनेशन करून जो पदार्थ मिळतो, तो थंड होताना आपसूक एकाच स्फटिकरूपात बसतो आणि बहुधा तिथेच राहतो; म्हणूनच त्याला टेम्परिंग लागत नाही. यादीतले ४९२ म्हणजे सॉर्बिटन ट्रायस्टिअरेट, जे ब्लूम लांबवण्यासाठी घातलेले असते.

वापरायला हा स्लॅब खरोखरच सोपा आहे. डबल बॉयलरवर वितळवून साच्यांत ओतला आणि थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की साचा उलटा करून हलके आपटताच वड्या सुटतात. त्यांना आरशासारखी चकाकी असते आणि तुटतानाचा आवाजही चांगला असतो. केकवर धार सोडणे, बिस्किटे बुडवून काढणे किंवा मुलांसाठी लॉलीपॉप करणे यांसाठी मी तो डोळे झाकून घेईन. किंमत कूव्हर्चरच्या निम्म्याहून कमी पडते. घाना आणि आयव्हरी कोस्टमधली पिके बसल्यामुळे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, त्यानंतर तर हा फरक अधिकच बोचू लागला.

चवीत मात्र तो उघडा पडतो. आधी गोडी लागते, मग कोको पावडरचा कोरडा कडवटपणा येतो आणि सगळे विरघळल्यावरही टाळूला मेणासारखा एक पातळ थर चिकटून राहतो, कारण या स्निग्धांशातला काही भाग तोंडातल्या ३७ अंशांनाही पुरता वितळत नाही. कोको मास नसल्यामुळे सुगंधही उणा असतो.

अनेक चॉकलेट-वर्गांत यावर एक तोडगा सांगितला जातो : चव सुधारण्यासाठी निम्मे कंपाऊंड आणि निम्मे कूव्हर्चर घ्यावे. ते मी करून पाहिले आणि तसे कोणीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साच्यातून निघालेली वडी तुटण्याऐवजी वाकली, हातात धरताच तिच्यावर बोटांचे ठसे उमटले आणि कपाटात ठेवल्यावर काही दिवसांतच तिच्यावर राखाडी डाग पडले. कोकोबटर आणि लॉरिक स्निग्धांश यांचे स्फटिक एकमेकांत नीट बसत नाहीत. त्यांचे मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला मऊ पडते. म्हणूनच कारखानदार कोको मास टाळून १०-१२ टक्केच स्निग्धांश असलेली कोको पावडर वापरतात, कारण या मिश्रणाला कोकोबटर जेमतेम काही टक्केच सोसते. ज्या भांड्यात कूव्हर्चर वितळवले, तेच न पुसता कंपाऊंडसाठी घेऊ नये, हेही यातूनच आले.

दुसरी खोड ओल्या सारणाची. ओल्या नारळाचे सारण भरलेल्या वड्या मी मुद्दाम जरा जास्त दिवस ठेवल्या, तर शेवटच्या वड्यांना चक्क साबणाची चव लागली. ओलावा आणि लायपेज नावाचे विकर एकत्र आले की लॉरिक आम्ल सुटे होते, आणि नारळाच्या तेलापासून साबण का बनवतात हे ज्याला माहीत आहे त्याला या चवीचे नवल वाटणार नाही.

आरोग्याच्या बाबतीत 'हायड्रोजनेटेड' हा शब्द वाचून लगेच ट्रान्स फॅटचे नाव घेणे बरोबर नाही. ट्रान्स फॅट अर्धवट हायड्रोजनेशनात तयार होते आणि जानेवारी २०२२ पासून भारतात औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. खरा प्रश्न संपृक्त आम्लांचा आहे : कोकोबटरमधले स्टिअरिक आम्ल रक्तातल्या एलडीएल, म्हणजे 'वाईट', कोलेस्टेरॉलवर फारसा परिणाम करत नाही, लॉरिक आम्ल मात्र ते वाढवते.

कोकोबटरला पर्याय म्हणजे हलका माल, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्यांची रेणूरचना कोकोबटरसारखीच असते आणि जे त्यात गुण्यागोविंदाने मिसळतात, अशा स्निग्धांशांचा एक वेगळा वर्ग आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत असे सहा स्निग्धांश चालतात असे ठरवले : इलिपे, पाम, साल, शिया, आंब्याची कोय आणि आपला कोकम. कोकणात कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेल्या तेलाचे मुठीने वळलेले जे पांढुरके गोळे मिळतात आणि जे थंडीत भेगाळलेल्या टाचांना चोळले जातात, तेच हे कोकमतेल किंवा भिरंडेल. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असते आणि ते ४० अंशांच्या आसपास वितळते; त्यामुळे थोड्या प्रमाणात घातल्यास ते चॉकलेटला अधिक टणक करते आणि उन्हाळ्यात तग धरायला मदत करते. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यावर काम झालेले आहे. बाजारातला गोळा मात्र थेट चॉकलेटमध्ये घालू नये. त्याला स्वतःचा वास असतो, आणि चॉकलेटसाठी तो शुद्ध करून, वास काढूनच घ्यावा लागतो. इतका चांगला स्निग्धांश आपल्या दारात असताना आपले घरगुती चॉकलेट आयात पाम कर्नलवर चालावे, हे मला खटकते.

भारतीय नियमांनुसारही चॉकलेटमध्ये कोकोबटरखेरीज इतर वनस्पती स्निग्धांश ५ टक्क्यांपर्यंतच चालतात आणि तसे वेष्टनावर ठळक लिहावे लागते. हा स्लॅब त्या व्याख्येत बसतच नाही, आणि कंपनीही त्याला 'कंपाऊंड' असेच म्हणते. गडबड पुढे होते : त्याच्या वड्या चमचमत्या कागदात गुंडाळून खोक्यावर 'हँडमेड डार्क चॉकलेट' असे छापले जाते आणि भाव कूव्हर्चरचा लावला जातो. विकणाऱ्यांनी खोक्यावर 'कंपाऊंडपासून बनवलेले' एवढे दोन शब्द घातले तर माझी या स्लॅबविषयीची निम्मी तक्रार मिटेल.

सोयीसाठी आणि किमतीसाठी मी याला पाचपैकी चार गुण देईन, चवीसाठी दोन. ट्रफल, गनाश किंवा नुसत्या खाण्याच्या वडीसाठी कूव्हर्चरच घ्यावे आणि टेम्परिंग शिकून घ्यावे. उरलेला स्लॅब हवाबंद डब्यात, मसाल्याच्या कपाटापासून दूर ठेवावा. तो हिंगाचा वास फार लवकर ओढून घेतो.