डॉमिनिका की बार्ब्युडा?

कॅरिबियनमधील गर्दीपासून दूर राहिलेली बेटे पाहायची असतील, तर डॉमिनिका आणि बार्ब्युडा ही दोन नावे प्रथम विचारात घ्यावीत. मात्र त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे.

डॉमिनिका हे ज्वालामुखीतून घडलेले, घनदाट पर्जन्यवनाचे डोंगराळ बेट आहे. तेथील मॉर्न त्रुवा पितों राष्ट्रीय उद्यानाला 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. याच उद्यानात, वाफा आणि गंधकाचा दर्प सोडणाऱ्या ओसाड दरीतून जाणारी दिवसभराची खडतर पायवाट चढून गेल्यावर, धुक्याआड खदखदणारे उकळते सरोवर दिसते. किनाऱ्याजवळच्या खोल समुद्रात स्पर्म देवमासे असतात, आणि बेटाच्या पूर्व भागात मूळ कालिनागो समाजाची वस्ती आजही आहे. किनारे मात्र बहुतांशी काळ्या वाळूचे आहेत.

बार्ब्युडा याउलट चुनखडीचे, जवळजवळ सपाट बेट आहे. अँटिग्वाहून बोटीने तेथे जाता येते. गुलाबी छटेची लांबच लांब पुळण आणि कोड्रिंग्टन खाजणातील फ्रिगेट पक्ष्यांची प्रचंड वसाहत ही त्याची खरी संपत्ती आहे. सप्टेंबर ते एप्रिल या विणीच्या हंगामात नर लालभडक गळपिशवी फुगवून बसलेले दिसतात.

सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळाने बार्ब्युडा आणि पाठोपाठ मारिया वादळाने डॉमिनिका उद्ध्वस्त केले. म्हणून दोन्हीकडे स्थानिकांच्याच घरगुती निवासात उतरावे, असे मला मनापासून वाटते.

केवळ समुद्रस्नान हवे असल्यास बार्ब्युडा उत्तम. चालण्याची तयारी असल्यास मी निःसंशय डॉमिनिका निवडेन.