स्वस्त पोतं की खात्यात पैसे?

खताचं अनुदान सरकारनं स्वस्त पोत्यातनं द्यावं, का थेट शेतकऱ्याच्या खात्यात? शिरोळकडं उसाच्या बांधावर कुणालाबी विचारा, युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतंय म्हटल्यावर १३५० चं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) कोण घेतंय, मारा युरिया. २०१० पासनं डीएपी आणि पोटॅशला (पालाशचं खत) त्यातल्या अन्नद्रव्यावर ठरलेलं अनुदान, युरियाचा दर मात्र सरकारनं बांधलेला, त्यामुळं युरियातलं नत्र धो धो आणि पालाशची बोंब, त्यात पाणी बी सोडायचं ढीगभर, मग जमीन क्षारपड झाली म्हणून रडायचं. पण २०२२ ला जगात खताचे दर भडकले तरी युरियाचं पोतं हललं नाही, हे मान्य करायला पायजे, भात-गहूवाला त्यावरच तरला.

दुसरी पद्धत, पैसे थेट खात्यात आणि खत बाजारभावानं. खत बाजारभावानं नव्हतं, पण नुसत्या थेट पैशाचा नमुना म्हणजे तेलंगणा, २०१८ ला रयतू बंधू या शेतकरी मदत योजनेत एकरी ४००० दिले, हंगामाला. ऐकायला भारी, पण पैसे सातबारावर नाव असणाऱ्याला, दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा कोरडाच. आणि भाव दुप्पट झाला तर खात्यातली रक्कम वाढणाराय का?

माझं मत, आत्ता लगेच खात्यावर नको भावा. आधी युरिया थोडा महाग, पोटॅश स्वस्त करा. झटक्यात बदल केला की काय होतं बघा, श्रीलंकेनं २०२१ ला रासायनिक खतच बंद केलं, त्याच वर्षी मागं घ्यावं लागलं.