कमरेचा माग: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर घेतलेल्या या मागावर आजवर चार स्टोल, एक शाल आणि लेकीची बंडी विणून झाली. नागालँडच्या बाया वापरतात तसाच हा माग. चौकट नाही, फणी नाही, नुसत्या काठ्या. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पट्ट्याने आपल्या कमरेला. मागे रेललं की ताणा कसतो, पुढे झुकलं की सैलावतो. पहिल्या स्टोलचे काठ बघून मी कुठे थकले ते आजही दाखवता येतं. तिथे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, दोन बोटं आत गेलाय. पाठ दुखते. सलग तासाभराहून जास्त बसू नका.

हात पोचतो तेवढाच पन्हा, माझा अठरा इंच. म्हणूनच नागा शाल दोन-तीन पट्ट्या जोडून होते. माझी मधली पट्टी दीड इंच लांब भरली आणि रंगांचे पट्टे जुळेनात. उसवण्यात तीन संध्याकाळी गेल्या.

मे महिन्यात तर सूत तटातट तुटायचं. नागपुरात विणकरांच्या तांडापेठेतल्या एका आजींना दाखवलं. त्यांच्या घरी पूर्वी माग होता. ताण्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "सूत उपाशी हाय बाई, त्याले खळ पाज." तांदळाच्या पेजेची पांजणी केली, म्हणजे ताण्याला खळ चढवली, आणि कूलरसमोर बसले. सुती धागा ओलाव्यात जास्त मजबूत होतो. आजींचा माग खड्ड्यात होता, जमिनीची ओल सुताला मिळायची. ते ऐकलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्यांचे हातच बघत राहिले.

नक्षीबद्दल एक सांगते. आओ नागांची त्सुंगकोतेप्सू शाल पराक्रमाने किंवा मिथुन (गव्यासारखं जनावर) बळी देऊन घातलेल्या गावजेवणाने मिळवावी लागे, म्हणून तिची नक्कल मी केली नाही. पट्टे माझ्या मनाचे घेतले आणि काठाला आपली करवत, म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी, घातली. विदर्भातल्या करवतकाठी टसर साडीत ती तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या) विणतात. मी जादा बाणा, म्हणजे आडवा धागा, बोटांनी उचलून भरते. बारा दात भरायला एक संध्याकाळ जाते.

तक्रार काठ्यांची. ठोकायची पट्टी खरबरीत आली, धागे अडकायचे. विक्रेत्याने बदलून दिली नाही. पॉलिश पेपरने घासून घ्या. लाल सुताची लडी आधी गरम पाण्यात बुडवून बघा, माझ्या पांढऱ्या स्टोलवर गुलाबी डाग अजून आहेत. माग मात्र पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, दोन काठ्या जास्तीच्या मागवून.