कॉर्व्हेटचे रॉड : एलएस१ की एलएस७?

कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या १९९७च्या एलएस१ इंजिनाचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा दांडा) पावडर मेटलचा, म्हणजे धातूच्या भुकटीपासून घडवलेला, लांबी ६.०९८ इंच. साधा पण दणकट. कॅप, म्हणजे क्रँकशाफ्टकडच्या टोकाचा सुटा होणारा भाग, तडकवून वेगळी केलेली असते, त्यामुळे सांध्याचे दाणे एकमेकांत अगदी घट्ट बसतात. कॅपची अदलाबदल केली की रॉड बाद! मागाहून जास्त ताकदीचे बोल्ट टाकले तर बिग एंडचं (क्रँकशाफ्टकडच्या टोकाचं) भोक मोजायलाच हवं, कारण ते लंबगोल होऊ शकतं.

२००६च्या एलएस७ इंजिनाचा रॉड टायटॅनियमचा, ६.०६७ इंच. स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४ इंच आणि तरी वेग ७००० आरपीएम (मिनिटाला फेरे), तो या हलकेपणामुळेच. पण टायटॅनियम घासलं की चिकटतं. बाजूच्या कडांवरचा लेप खरवडलेला दिसला तर तो रॉड वापरू नका. रोजच्या गाडीला एलएस१चाच रॉड बरा.