बेडफर्ड ओबी की एईसी रीगल?

दुसऱ्या महायुद्धानंतरची ब्रिटिश कोच, म्हणजे प्रवासी बस, जपायची, तर माझं मत ओबीला. 1951 पर्यंत बनलेली ही गाडी. बहुतेकींवर डुपल या बॉडी बांधणाऱ्या कंपनीची 29 आसनी 'व्हिस्टा' बॉडी. ड्रायव्हर प्रवाशांतच बसतो, गिअरबॉक्सची ती कण्हल्यासारखी शीळ सगळ्यांनाच ऐकू येते. साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन बेडफर्डच्या ट्रकांतही होतं, म्हणून सुट्या भागांची ददात कमी.

रीगल मार्क 3 दणकट: 9.6 लिटरचं डिझेल, चढाला दमत नाही. पण हाफ-कॅबमध्ये, म्हणजे इंजिनाशेजारच्या अर्ध्या रुंदीच्या केबिनमध्ये, ड्रायव्हर एकटाच कोंडलेला!

खरी डोकेदुखी सांगाड्याची. बाहेरून पत्रा चकचकीत, आत ॲश लाकूड कुजलेलं. दाराच्या खांबात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लोण्यासारखा रुतला, तर सौदा सोडा. दोन्हींत हेच.